सोडायला काहीच नव्हतं

जालन्याहून सकाळी निघणाऱ्या पॅसेंजरला गर्दी नसते असं मार्था म्हणायची. तिचं खरं होतं. मला खिडकी मिळाली, समोरचं बाकडंही रिकामं मिळालं, आणि त्या रिकाम्या बाकड्याकडे बघत बसायची वेळ माझ्यावर आली. मार्था म्हणजे माझी बायको. दर जानेवारीत ती याच गाडीने माहेरी जायची, परभणी जिल्ह्यात, राणीसावरगावच्या पलीकडच्या एका वस्तीवर. माहेर तिला एकटीने हवं असायचं. "तुम्ही आलात की मला तुमच्या चहाची फिकीर करावी लागते," म्हणायची. मी ड्रॉइंग मास्तर, जानेवारीत शाळेच्या संमेलनाचे पडदे रंगवण्यात मला तरी कुठे फुरसत होती. गेल्या पावसाळ्यात मार्था गेली. या जानेवारीत मी निघालो, चहाची फिकीर ज्याची त्याने करायची या बोलीवर.

निघायला कारण झालं सोजरवहिनीच्या फोनचं. सोजरवहिनी म्हणजे मार्थाच्या भावाची, याकोबची बायको. याकोबला जाऊन बरीच वर्षं झाली. फोनवर ती एवढंच म्हणाली, "दाजी, यंदा माझा बाप्तिस्मा हाय. ताई न्हाई, तर तुमी तरी या."

मी कपाट उघडलं. आत वर्तमानपत्रात गुंडाळलेली साडी होती, पांढरी, सुती, निळ्या काठाची. मार्थाने ती वहिनीच्या बाप्तिस्म्यासाठी घेतली होती. दर जानेवारीत ती साडी माहेरी न्यायची आणि तशीच परत आणायची. काय झालं विचारलं की म्हणायची, "यंदाही नाही झालं." का नाही झालं, ते मात्र कधी सांगितलं नाही. शपथ घातली आहे म्हणायची.

जे ख्रिस्ती नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. बाप्तिस्मा म्हणजे पाण्यात बुडून मंडळीत (चर्चच्या कुटुंबात) सामील होणं. तो झाल्याशिवाय प्रभुभोजनाच्या ताटातली भाकर मिळत नाही. आणि आमची शिकवण अशी की माणसाचं तारण त्याच्या चांगल्या वागण्याच्या मोबदल्यात होत नाही. ते फुकट असतं, विश्वासाने हात पुढे करून घ्यायचं. वागणं सुधारतं ते मागाहून, आपल्या चालीने. हे मी लहानपणापासून ऐकत आलोय, आणि ऐकून ऐकून मला ते भिंतीवरच्या कॅलेंडरसारखं झालं होतं. तारीख बघायची, चित्राकडे लक्ष जात नाही.

सेलू मागे पडल्यावर काळी जमीन सुरू झाली. कापसाची वेचणी उरकत आलेली, पळाट्यांना कुठेकुठे पांढरं चिकटून राहिलेलं. ज्वारी कणसात आली होती. करडई फुलली होती, तिच्या पिवळ्याला रंगपेटीतला कुठलाच पिवळा जुळत नाही. हे कुणाला तरी सांगावं म्हणून मी तोंड उघडलं आणि मिटलं. हल्ली हे असं दिवसातून पुष्कळदा होतं.

परभणीला गाडी बदलायची होती. परळीकडच्या गाडीला उशीर होता. बाकड्यावर शेजारी एक निवृत्त कारकून येऊन बसले. निळा कोट, हातात बोरांची पिशवी. "जय भीम," म्हणाले. मी "सलाम" म्हणालो, आम्हा ख्रिस्ती लोकांत तशीच रीत आहे. त्यांनी बोरं पुढे केली.

"कुठवर?"

"गंगाखेड. तिथून पुढे राणीसावरगावकडे. बायकोचं माहेर."

"बायको न्हाई आल्या?"

"वारली."

त्यांनी आणखी बोरं माझ्या ओंजळीत घातली. कसली यात्रा, विचारल्यावर मी बाप्तिस्म्याचं सांगितलं. ते हसले.

"आमचा आजा छप्पन सालानंतर बौद्ध झाला. घरातले देव गाठोड्यात बांधले अन् गंगेत सोडून आला. एका सकाळचं काम. पर आजी त्या रिकाम्या कोनाड्यापुढून जाताना कैक सालं पदर सावरायची."

"मग आजोबा रागवायचे?"

"एकडाव बी टोकलं न्हाई. म्हणायचा, मन तर वळलंय तिचं, हात बी वळंल सावकाश." त्यांनी बोराची बी थुंकली. "तुमच्यात काय सोडावं लागतं?"

"पुस्तकाप्रमाणे म्हणाल तर काहीच नाही."

"अन् लोकांप्रमाणं?"

तेवढ्यात गाडी आली.

गंगाखेडच्या अलीकडे गोदावरीचा पूल लागतो. इकडे तिला सगळे गंगाच म्हणतात. मार्था पुलावरून फोन करायची. "गंगा ओलांडली," एवढंच. येतानाही तेच. त्या दोन शब्दांवर मी घरी निर्धास्त व्हायचो. आता मी स्वतः पुलावर होतो, खाली पाणी कडेकडेने उरलेलं, वाळूत म्हशी बसलेल्या. सवयीने खिशातून फोन काढला. कुणाला लावणार? मुलगा परदेशात, त्याला ही गंगा कुठली तेही ठाऊक नाही. फोन खिशात ठेवला आणि मला रडू आलं. खोटं कशाला बोलू, चांगलं रडू आलं. समोरच्या बाईने खिडकीतून वारा लागतो म्हणून काच ओढून घेतली.

गंगाखेडहून काळीपिवळी (जीप). ड्रायव्हरने माणसं कोंबली तसं सामानही कोंबलं. माझी पिशवी एका म्हातारीच्या डब्याखाली गेली. उतरायच्या वेळी कळलं की डब्यात घाण्यावरचं करडईचं तेल होतं आणि झाकण सैल. पिशवी उघडली तर वर्तमानपत्र पारदर्शक झालेलं, आणि साडीच्या पदरावर तळहाताएवढा पिवळा डाग. इतकी वर्षं जपलेली साडी मी एका दिवसात नासवली. म्हातारीने डाग बोटाने चाचपला.

"पीठ लावा ज्वारीचं, वढून घेतंय तेल. पर समदं जायचं न्हाई," ती म्हणाली. वर मलाच म्हणाली, "पांढरं कामून आणलाव?"

सोजरवहिनी फाट्यावर उभी होती. वाळकी, उंच, पदर तोंडावर धरलेला. "सलाम दाजी," म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता पिशवीकडे बघत राहिली. पिशवी मार्थाची होती. तिने ती माझ्या हातातून घेतली, पोटाशी धरली आणि पुढे चालू लागली.

घर दोन खणांचं, पत्र्याचं, सारवून लख्ख. जेवायला येसरची आमटी (भाजलेल्या धान्या-डाळींच्या मसालेदार पिठाची), भाकरी, जवसाची चटणी. मार्था ही आमटी घरी करायची, पण "पाणी बदललं की चव बदलते" असं कुरकुरायची. तेव्हा मला ते थोतांड वाटायचं. पहिल्या घासाला कळलं की बाई खरं बोलत होती. मी मागून वाढून घेतलं, आणि वहिनी पहिल्यांदा हसली. तेव्हा मला तिचे दात दिसले. काळेभोर. मिश्री (भाजलेल्या तंबाखूची पूड, दातांना घासायची).

तिने पटकन पदर धरला. मग स्वतःच खाली घेतला.

"बघितलंव न्हवं? यापायीच अडलंय माझं," म्हणाली आणि उन्हं कलेपर्यंत सांगत बसली.

या वस्तीत बाप्तिस्म्याच्या आदल्या दिवशी खड्डा खणायची रीत आहे. प्रार्थनाघरामागे, कडुलिंबाखाली. ज्याला बाप्तिस्मा घ्यायचा त्याने आपण जे सोडलं ते त्या खड्ड्यात टाकायचं. पहिल्या पिढीत सगळे पिणारे, त्यांनी बाटल्या पुरल्या. मग कुणी पत्ते, कुणी गंडेदोरे, कुणी चिलीम. मंडळीचे वडील (पुढारी) योनाआबा खड्ड्यापाशी उभे राहून प्रत्येकाला विचारतात, काय सोडायलास? ही रीत इतकी जुनी झाली की ती कुठल्याच पुस्तकात नाही हे लोक विसरून गेले.

"ह्यांनी बाटली टाकली, पत्ते टाकले," वहिनी नवऱ्याबद्दल म्हणाली. "माझी बारी आली. आबा म्हणले, काय सोडायलीस सोजर? म्या म्हणलं, आबा, सोडाया काय हाय माझ्याकडं? दारू न्हाई, तंबाखू न्हाई, कुणाशी भांडण न्हाई. आबा म्हणले, जिला आपलं पाप दिसंना तिला तारणारा कशाला लागंल? जाणीव झाली की ये. लोक हसले. हे बी हसले."

"मग?"

"मंग शेजारणीकडून चिमूटभर मिश्री आणली. म्हणलं सालभर लावते, अन् पुढल्या साली सोडते. माझ्याकडं बी काहीतरी पाहिजे न्हाई का टाकाया?"

मला हसू फुटलं. तीही हसली, काळे दात दाखवत. मग आम्ही दोघंही एकदम थांबलो.

"अन् मंग सुटना," ती म्हणाली.

दर साली ती खड्ड्यात डबी टाकायची. रात्रीपासून डोकं उठायचं, हात कापायचे, पहाटे शेजारणीकडून बोटभर आणायची. रविवारी पाण्यापाशी जाण्याआधी आबाच्या घरची बाई प्रत्येकाच्या तोंडाचा वास घेऊन बघायची. वास आला की वहिनीला मागे काढायची. उपासनेला ती उंबऱ्यावर बसते, भाकरीचं ताट आलं की पाय आखडून घेते, ताट तिला ओलांडून जातं.

"ताईला म्या सांगितलं व्हतं. ताई लय हसली, मंग लय रडली. म्हणली आबाला सांग. माझी छाती झाली न्हाई. आता ताई बी गेली, मी बी जाईन. त्या ताटातली भाकर न खाता जायची माझी तयारी न्हाई दाजी. उद्या सांगणार हाय. एकटीनं सांगाया जीव दडपतोय म्हून बोलावलं तुमाला."

साडीवरचा डाग मी तेव्हाच दाखवला, म्हटलं एकदाच काय ते होऊन जाऊ दे. तिने त्यावर ज्वारीचं पीठ थापलं. "ऱ्हाऊ द्या," म्हणाली, "माझ्या दातापरीस बरा हाय."

शनिवारी सकाळी कडुलिंबाखाली सगळी वस्ती जमली. योनाआबा पांढरं धोतर, खांद्यावर टॉवेल, या वयातही पाठ ताठ. त्यांनी मला हाताला धरून पुढे बसवलं, मार्थाचं नाव काढलं. माणूस वाईट नव्हता, ते मला त्याच वेळी कळलं आणि अवघड वाटलं. वाईट असता तर सोपं गेलं असतं.

यंदा दोघंच होते. एक ट्रॅक्टर चालवणारा गडी, गुटख्याच्या पुड्यांची माळ हातात घेऊन. आणि सोजरवहिनी. बायका आधी, म्हणून आबांनी तिला पुढे बोलावलं.

"काय सोडायलीस सोजर?"

"काहीच न्हाई आबा." तिने मूठ उघडली. मिश्रीची डबी. "ही हाय. पर टाकणार न्हाई. टाकली तर सांजच्याला दुसरी आणीन. लय केलं, सुटत न्हाई. येशूला म्हणलं, हिच्यासकट घेतोस तर घे. माझ्याकडं त्याला द्याया दुसरं काही न्हाई, अन् त्याच्याबिगर मला बी कुणी न्हाई."

"मंग पुढल्या साली बघू," आबा शांतपणे म्हणाले आणि ट्रॅक्टरवाल्याकडे वळले.

वहिनी हलली नाही. तिने मागे वळून मला शोधलं. मी उठून तिच्या शेजारी जाऊन उभा राहिलो.

"आबा, ही म्या लावली ती ह्या खड्ड्यापायी," ती म्हणाली. आणि तिने सगळं सांगितलं, कालच्याच शब्दांत, सावकाश. चिमूटभर मिश्रीचं आलं तेव्हा मागे कुणीतरी खुदकन हसलं आणि गप्प झालं.

आबा फावड्यावर टेकले. "कोण म्हणलं तुला लावाया?"

"कुणीच न्हाई. तुमी म्हणलाव, सोडाया काहीतरी आण."

आबा खड्ड्यात बघत राहिले. खड्डा रिकामाच होता. मग त्यांनी फावडं उचललं आणि माती लोटायला सुरुवात केली. कुणी पुढे झालं तर हाताने मागे सारलं. ट्रॅक्टरवाला माळ घेऊन तसाच उभा.

"आबा, माझं टाकायचं ऱ्हायलंय."

"ठिव खिशात," आबा म्हणाले.

उन्हं उतरल्यावर मी त्यांच्या शेतात गेलो. वहिनीचा बाप्तिस्मा होणार की नाही, हे त्यांच्या तोंडून ऐकायचं होतं. ते एकटेच हुरडा भाजत बसले होते. कणसं चोळून गरम दाणे माझ्या हातावर दिले.

"मास्तर," म्हणाले, "त्या लिंबाखाली पयली बाटली माझी हाय. ज्या दिशी पुरली त्या दिशी मला वाटलं माझं तारण झालं. तवापासून रोज सकाळी उठतो अन् म्हणतो, काल बी प्यालो न्हाई. हीच माझी प्रार्थना. आज ती बाई म्हणली, माझ्याकडं काही न्हाई. मला काही तसं म्हणता येईना. ती बाटली काढून घेतली तर माझ्याकडं काय ऱ्हातंय?"

मी उपदेश करणारा माणूस नाही. म्हणालो, "तिच्याकडे आहे तेवढंच राहील."

त्यांनी विस्तवाकडे बघत मान हलवली. पटलं म्हणून की नाही म्हणून, कळलं नाही. मी उठलो तेव्हा म्हणाले, "तिला सांगा, सकाळी लवकर या म्हणावं. पाणी गार असतंय."

रविवारी पाळक (धर्मगुरू) गंगाखेडहून मोटारसायकलवर आले. बाप्तिस्मा शेततळ्यात. तळ्याला प्लॅस्टिकचं अस्तर, त्यावर शेवाळ, आणि जानेवारीचं पाणी. वहिनी मार्थाची साडी नेसून आली. वास घ्यायला कुणी पुढे आलं नाही. काठावर ती थबकली आणि म्हणाली, "आबा, तुमी हात धरा." आबा कधी पाण्यात उतरत नसत. धोतर खोचून उतरले. तिसऱ्या पावलाला त्यांचा पाय घसरला, ते वहिनीसकट आणि वहिनी पाळकांसकट, तिघंही खाली गेले. वर आले तेव्हा आबांचा टॉवेल पाण्यावर तरंगत होता. आधी कुणाची हसायची हिंमत होईना. मग पाळकच हसले, आणि सगळी वस्ती हसली. पाळकांनी खोकत खोकत विचारलं, विश्वास ठेवतेस का? वहिनी दात वाजवत म्हणाली, "ठिवते." मग तिला रीतसर बुडवलं. बाहेर आली तेव्हा साडी अंगाला चिकटली होती, फक्त तेलाचा डाग तेवढा कोरडा, पाणी त्यावरून ओघळून गेलेलं.

ट्रॅक्टरवाल्याचाही बाप्तिस्मा झाल्यावर सगळे प्रार्थनाघरात आले. तिथे वहिनी सवयीने उंबऱ्यावर टेकायला गेली. बायकांनी तिला आत ओढलं. उंबरा मोकळा झाला, माझे गुडघे जमिनीवर बसू देत नाहीत म्हणून तिथे मी बसलो. सगळे आत, आपापल्या माणसाला खेटून. वहिनीच्या शेजारी मार्था बसली असती. ती जागा दुसऱ्या कुणी घेतली होती, घेणारच.

ताट आबांनी फिरवलं. पितळी ताट, ज्वारीच्या भाकरीचे तुकडे. वहिनीने तुकडा घेतला, दोन्ही हातांच्या ओंजळीत धरला, आणि खायचंच विसरली. ताट माझ्यापर्यंत आलं, मी घेतला. शेवटी आबांनी घ्यायचा असतो. ते ताट हातात धरून उभे राहिले, ओल्या धोतराने, आणि मग न घेताच ताट मेजावर ठेवायला वळले.

"आबा, तुमचं ऱ्हायलं," वहिनी म्हणाली. हळूच म्हणाली, पण खोली लहान.

आबांनी तिच्याकडे बघितलं. मग तुकडा उचलला आणि भिंतीकडे तोंड करून खाल्ला. त्यांचे खांदे हलत होते.

सोमवारी निघालो. वहिनीने हुरडा बांधून दिला, आणि मी सवयीने साडी पिशवीत परत घालू गेलो तर हिसकावून घेतली. गाडीत बसल्यावर माझ्या मनात आबाच घोळत होते. आपल्याकडे दाखवायला काहीतरी आहे, या भरवशावर माणूस अख्खं आयुष्य काढतो. मीही काढलं: चार लोकांत नाव, वेळेवर उपासना, रांगेत पहिला बाक. मार्था गेल्यापासून त्यातलं काहीच जवळ घेऊन बसता येत नाही. रिकामा हात पुढे करायचा असतो हे मी मुलालाही शिकवलं होतं, पण हात खरोखर रिकामा झाल्यावर तो पुढे करायला किती भीती वाटते, ते मला या प्रवासात कळलं.

पूल आला. मी फोन काढला आणि लावला. बराच वेळ वाजला. मग पलीकडून नुसतं "हं" आलं.

"वहिनी, गंगा ओलांडली."

थुंकल्याचा आवाज आला. "थांबा दाजी, तोंडात मिश्री व्हती."

"अजून?"

"अजून. सुटंल तवा सुटंल. न्हाई सुटली तर वर गेल्यावर त्योच घासून देईल दात." ती हसली. मीही हसलो, पूल संपेपर्यंत. मग ती म्हणाली, "घरी आता कोण हाय तुमच्या?"

"कुणी नाही."

"मंग पोचल्यावर बी फोन करा."

जालन्याला पोचलो तेव्हा अंधार पडला होता. कुलूप काढलं, पिशवी खाली ठेवली, आणि दिवा लावायच्या आधी तिला फोन लावला.